रिसालदारीणबाईंचा निकाल

आमच्या घरमालकिणीनं 'जावं' म्हटल्याशिवाय मोमिनाबादेतल्या घरंदाज बाया कुठलाही खेळ बघायला जात नव्हत्या. हे मी सांगायला लागले की माझ्या सुना तोंडाला पदर लावून हसतात. हसा बायांनो. असली बाई तुमच्या नशिबात आली नाही, त्याला मी काय करू?

मोमिनाबाद म्हणजे आताची अंबाजोगाई. तेव्हा निजामाचं राज्य. कचेरीत उर्दू, घरात मराठी आणि बाजारात दोन्हीची खिचडी. मी वडवणीहून लग्न होऊन आले तेव्हा माझे यजमान कचेरीत कागदांच्या नकला करायला होते, आणि आम्ही राहायचो जुन्या छावणीतल्या लैनीत. एके काळी तिथं घोडदळ असायचं. फौज उठून गेली, मागं दगडी खोल्यांची लांबच लांब रांग उरली. ती या बाईनं आपल्या पाटल्या मोडून घेतली आणि भाडेकरू ठेवले. तिचा नवरा त्याच घोडदळात दफेदार होता. गावानं त्याला मेल्यावर बढती दिली आणि तिला रिसालदारीणबाई करून टाकलं. ती भेटेल त्याला सांगायची, "दफेदार हुते, रिसालदार न्हाई." ऐकतंय कोण? अख्ख्या गावाला ते नावच गोड लागलेलं.

उंच, काटक बाई. पायात पुरुषी जोडा, हातात काठी, पदर नेहमी डोक्यावरून घसरून खांद्यावर आलेला. पहाटे बिगुलाच्या वेळेला उठायची. बिगुल वाजायचा बंद होऊन जमाना लोटला होता, पण हिच्या कानात तो वाजतच असावा. दारापुढं घोडे बांधायच्या लोखंडी मेखा होत्या, त्या तिनं उपटू दिल्या नाहीत. नवा भाडेकरू ठेच खाऊन तक्रार घेऊन गेला की म्हणायची, "मेख तुज्या आदीपासून हाय. तू बगून चाल." यजमानांच्या अंगठ्याचं नख त्या मेखांपायी कधी धड राहिलं नाही, पण घर सोडायचं नाव त्यांनी काढलं नाही.

लैनीत भांडण झालं की तिची पेशी भरायची. कडुलिंबाखाली ती बाजेवर बसणार आणि भांडणारे दोघे उभे. तिच्या पेशीची एक तऱ्हा होती, ती मी पुढं कुठल्या कोर्टात ऐकली नाही. तक्रार घेऊन येणाऱ्यानं आधी आपली बाजू सांगायचीच नाही. आधी समोरच्याची सांगायची. ती नीट सांगितली, समोरचा "हां, असंच" म्हणाला, तरच आपलं गाऱ्हाणं. माझं आणि शेजारच्या सोनारणीचं पाण्यावरून वाजलं तेव्हा मला सोनारणीची बाजू सांगायला उभं केलं. सांगता सांगता मला तिचं इतकं पटायला लागलं की माझं काय म्हणणं होतं तेच मी विसरले. निकालानंतर दोघींना एकाच ढेपेचा गूळ खायचा आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही. सोनारीण आणि मी पुढं विहिणी झालो, ते या गुळामुळं असं मी अजून म्हणते.

आणि याच पद्धतीनं ती खेळांचा निकाल द्यायची. जोगाईच्या जत्रेत सर्कस, नाटकवाले, सिनेमाचे तंबू यायचे. पहिल्या दिवशी ही एकटी पुरुषांच्या खेळाला जाऊन खुर्ची टाकून बसायची. कुणाची हिंमत नव्हती उठ म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आडावर निकाल. बाया घागरी घेऊन ताटकळत उभ्या असायच्या आणि ती आधी विरुद्ध बाजू, मग बाजू, मग निकाल, असं सगळं रीतसर सांगायची. सर्कशीबद्दल म्हणाली होती, "वाग म्हातारा हाय, त्याला बगून भ्या वाटायच्या ऐवजी कीव येती. पण झोक्यावरची पोरगी बगा. समद्यांनी जावं." एका नाटकाबद्दल म्हणाली, "नायकीण लई रडती. घरी रडायला काय कमी हाय का? जाऊ नका." आणि कधी कधी निकाल अर्धा असायचा. सासवांनी जावं, सुनांनी जाऊ नये. एकदा उलटं सांगितलं, तर आठवडाभर घराघरांत चूल नीट पेटली नाही.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, ही बाई अजिबात पसंत नव्हती. विधवा बाईनं पुरुषांत खुर्ची टाकून बसायचं म्हणजे काय, असं त्या रोज म्हणायच्या आणि निकालाच्या दिवशी आडावर सगळ्यांच्या पुढं उभ्या असायच्या.

त्या साली सिरसाळ्याकडून बैलगाड्या घेऊन एक तंबूवाला आला आणि त्यानं एक विलायती सिनेमा लावला. तेव्हाचा सिनेमा मुका. पडद्याशेजारी एक सांगणारा उभा राहायचा आणि कोण काय म्हणतो ते मराठीत, उर्दूत ओरडून सांगायचा. गोष्ट अशी होती. एक गोरा शिपाई दारूगोळ्याच्या कोठारावर पहाऱ्याला असतो. जागा सोडायची नाही असा हुकूम. पलीकडं जखमी होऊन पडलेला त्याचा दोस्त पाणी पाणी करतो. शिपाई जागा सोडून त्याला पाणी द्यायला जातो आणि पकडला जातो. मग फौजी अदालत. अर्धा खेळ त्या अदालतीचाच. मोठं टेबल, मिशाळ साहेब, मध्ये हा शिपाई उभा, आणि दाराबाहेर त्याची बायको.

पहिल्या खेळानंतर पुरुषांनी गावभर मतं वाटली. एक वकील म्हणाले, साक्ष घ्यायची ही रीतच चूक, निजामाच्या कोर्टात हा खटला तासाभरात उडाला असता. गावातले एक बडे जमीनदार म्हणाले, हुकूम मोडणाऱ्याला नायक करून दाखवतात, उद्या गडी ऐकायचे नाहीत आणि परवा सुना. कीर्तनकारबुवांचा आक्षेप वेगळा होता. लढाईला निघताना तो शिपाई बायकोला जवळ घेऊन तिचा मुका घेतो. त्या वेळी तंबूवाल्याच्या माणसानं लाजेकाजेस्तव यंत्राच्या भिंगापुढं हात धरला, तंबूत अंधार झाला आणि पोरांनी शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेतला. बुवांनी स्वतः काही पाहिलं नव्हतं, तरी ते दुसऱ्या दिवशी दोन घटका त्यावर बोलले. आत्याबाईंनी हे सगळं ऐकून निकाल आधीच लावून टाकला होता. "असलं काही घरच्या बायांनी बगायचं असतं व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या.

तंबूवाल्याचं सगळं या निकालावर अडलेलं. बायांचा खेळ वेगळा असायचा, दुपारी, तंबूला आतून काळं कापड लावून. त्याला जनाना खेळ म्हणायचे. बाया आल्या तरच जत्रेचे कष्ट सार्थकी. तो बिचारा सकाळीच आडावर येऊन लांब उभा राहिला. पण रिसालदारीणबाई आल्याच नाहीत. असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी पुरुषांच्या खेळाला त्या पुन्हा जाऊन बसल्या.

संध्याकाळी मी ताक द्यायला गेले तर त्या दिवा न लावता भिंतीला टेकून बसलेल्या. मी विचारलं, बरं नाही का? मग मला खाली बसवलं आणि जे सांगितलं ते गावात कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते फौजेबरोबर निघून गेले होते.

छावणीत पटकीची साथ आली होती. रोज मढी निघत होती. लैनीतलं कुणी बाहेर जायचं नाही असा साहेबाचा हुकूम निघाला आणि फाटकावर दफेदार पहाऱ्याला. एका मोतद्दाराची, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या गड्याची, बायको आली. नवरा त्याच दिवशी गेलेला, कडेवर तान्हं. मला माहेरी जाऊ द्या, हे तरी वाचू द्या, म्हणाली. दफेदारांनी फाटक उघडलं. ते उघडकीला आलं, फौजी अदालत बसली आणि हुकूम मोडला म्हणून सगळ्या रिसाल्यापुढं उभं करून त्यांचा पट्टा काढून घेतला. घोडा गेला, नोकरी गेली, त्याच दिवशी लैनीतून बाहेर काढलं. गावाला वाटत होतं, दफेदार नोकरी पुरी करून मानानं घरी बसले.

"अन् म्हून मी हीच लैन घेतली," त्या म्हणाल्या. "हितूनच भायेर काढलं हुतं."

मग त्यांना कशाची धास्ती होती ते त्यांनी बोलून दाखवलं. त्या खेळात हुबेहूब तेच होतं. बाया बघणार, बाया विचारणार, रिसालदारीणबाई, तुमच्या फौजेत असंच असायचं का हो? आणि त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, एवढी त्यांची एक अडचण होती. आजवर कुणी विचारलं नाही म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. उद्या विचारतील. मग ज्या बाईची पेशी अख्खं गाव मानतं, तिच्याच नवऱ्याला पेशीत गुन्हेगार ठरवलं होतं हे आत्याबाईंसारखीच्या हाती लागणार. मला वाटलं, सोपं आहे की. मुक्याचं निमित्त आहे, बुवा पाठीशी आहेत, 'जाऊ नका' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. तसं मी म्हटलंसुद्धा.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी ताकाचं भांडं उचलून घरी आले.

सकाळी आडावर नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी. आत्याबाई सगळ्यांत पुढं. रिसालदारीणबाईंनी काठी टेकली आणि आधी विरुद्ध बाजू मांडली. ती अशी मांडली की बुवांनासुद्धा जमली नसती. परपुरुष परबाईला जवळ घेतो, तेही सगळ्यांदेखत. हुकूम मोडणारा चांगला ठरतो. लेकीसुना काय शिकतील, गडीमाणसं काय शिकतील. आत्याबाई मान डोलवत होत्या, असंच, अगदी असंच. मग त्या थांबल्या आणि दुसरी बाजू सांगायला लागल्या. तो मुका नवरा-बायकोचा आहे, आणि नवरा मरायला निघालाय. भिंगापुढं हात धरू नका म्हणून त्यांनी लांब उभ्या तंबूवाल्याला बजावलं. "अंदार केला की माणसं जास्त बगत्यात." बाया पदराआड हसल्या. पुढं त्या म्हणाल्या, अदालतीत बाप्या माणसाचं काय होतं ते बाप्ये एकमेकांना सांगतात. दाराबाहेर उभ्या असलेल्या बाईचं काय होतं ते कुणी सांगत नाही. ते या खेळात दाखवलंय.

"समद्यांनी जावं," त्या म्हणाल्या. "सासवांनी, सुनांनी, लेकींनी बी. अन् आत सांगायला मी उबी ऱ्हाणार."

हे शेवटचं का, ते सांगते. जनाना खेळात पुरुषाला आत यायची बंदी, मग सांगणाऱ्यानं कनातीबाहेर उभं राहून अंदाजानं ओरडायचं. त्याला पडदा दिसायचा नाही. आदल्या साली पडद्यावर लग्न लागत होतं आणि बाहेरून हा सांगत होता, 'आता राजा प्राण सोडतो आहे.' आम्ही सगळ्या अक्षतांकडं बघून ढसाढसा रडलो, आणि राजा खरंच मेला तेव्हा डोळे पुसून खुशीत भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. त्यामुळं कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मला मात्र कळलं, ही बाई काय करायला निघालीय. रात्रभर मी कूस बदलत राहिले, आणि यजमान विचारत राहिले की मेखेला ठेच लागली की काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तंबू खचाखच भरला. एवढ्या बाया एका जागी मी जोगाईच्या गाभाऱ्यापुढं सोडल्या तर कुठं बघितल्या नव्हत्या. काळ्या कापडानं आत उकडत होतं, तान्ही पोरं रडत होती. 'जाणार नाही' म्हणून बसलेल्या आत्याबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या, नुसतं बघायला की काय काय दाखवतात. रिसालदारीणबाई पडद्याशेजारी उभ्या राहिल्या. यंत्र खरखरायला लागलं.

काय सांगितलं हो त्यांनी. तो सांगणारा नुसता ओरडायचा. या हळू बोलायच्या आणि मागच्या बाईपर्यंत पोचायचं. टेबलामागं कोण बसतं, आरोपीनं कुठं बघायचं असतं, हात कुठं ठेवायचे असतात, सगळं. पहाऱ्यावरचा शिपाई पाणी घेऊन निघाला तेव्हा आमच्या मागून एक म्हातारी म्हणाली, जा रे लेकरा, जा. दाराबाहेर उभी असलेली बायको आली तेव्हा रिसालदारीणबाई म्हणाल्या, "हिला आत घेत न्हाईत. हिनं भायेर उबं ऱ्हायचं. आत कोन मोठ्यानं बोललं तर त्ये आपल्याच मानसाला बोलले आसं हिला वाटतं. बसायला बी कोन सांगत न्हाई." त्या पडद्याकडं बघतच नव्हत्या. मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

मग तो जखमी दोस्त, मेला म्हणून सोडून दिलेला, डोलीत घालून अदालतीत आणतात. तो हात वर करून साक्ष देतो आणि शिपाई सुटतो. सगळ्या तंबूनं एकदम श्वास टाकला. कुणी रडलं, कुणी हसलं. रिसालदारीणबाई मात्र गप्प झाल्या. पडद्यावर माणसं तोंडं हलवत होती आणि सांगायला कुणी नव्हतं. गलका हळूहळू थांबला.

"ह्याचा दोस्त आला म्हून ह्यो सुटला," त्या म्हणाल्या. "आमच्याकडनं बोलायला कोन बी आलं न्हाई. आमचे दफेदार सुटले न्हाईत."

आणि मग त्यांनी ते सगळं सांगितलं. पटकी, फाटक, तान्हं पोर, पट्टा. मला त्या संध्याकाळी सांगितलं त्याहून थोडक्यात, आणि आवाज कुठं कापला नाही. खरं सांगते, माझ्या छातीत अभिमान मावेना. ही बाई माझी घरमालकीण आहे, हिच्या हातचा गूळ मी खाल्लाय, असं उठून सांगावंसं वाटलं. पण तंबू इतका शांत झाला होता की मला भीतीपण वाटली. आता पहिली कोण बोलेल, आणि काय बोलेल, यावर त्या बाईचं गावातलं सगळं आयुष्य लटकलेलं होतं, आणि ते तिला स्वतःलाही ठाऊक होतं.

पहिल्या बोलल्या आत्याबाई.

"मग तुमी काय केलं, रिसालदारीणबाई?"

"मी काय करनार? भायेर उबी हुते. ह्ये आले भायेर, कमरंला पट्टा न्हाई. म्हनले, अंदार पडू दे, मागल्या वाटंनं गावात जाऊ. म्या म्हनलं, कावून? चोरी केली का तुमी? त्यांचा हात धरला अन् भर बाजारातनं नेलं. बाजाराचा वार हुता. समद्यांनी बगितलं, इचारलं कुनी न्हाई. बगू द्या, म्हनलं."

त्या काळात नवऱ्याचा हात धरून बाजारातून चालायचं. आता तुम्हाला त्यात काही वाटणार नाही. आम्हाला तेव्हा अंगावर काटा आला. पडद्यावर तो गोरा शिपाई सुटून बायकोला जवळ घेत होता, भिंगापुढं कुणी हात धरला नव्हता, आणि एकही बाई तिकडं बघत नव्हती.

"लई बरं केलं," आत्याबाई म्हणाल्या.

खेळ संपला. काळं कापड वर केलं तसं ऊन आत आलं आणि सगळ्या डोळे बारीक करून उठायला लागल्या. तंबूपासून लैनीपर्यंत बायांची एक मागची वाट होती, ओढ्याच्या कडेनं. जाताना येताना आम्ही घरच्या बाया त्याच वाटेनं जायचो, बाजारात पुरुष बसलेले असतात म्हणून. मी सवयीनं तिकडं वळले. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. मग त्या पुढं गेल्या, रिसालदारीणबाईंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि पदर सावरला.

"बाजारातनं जाऊ," त्या म्हणाल्या.

आणि आम्ही सगळ्या बाजारातून घरी गेलो.